कुठल्या अंगाला?

व्हेसेदमध्ये हिमवादळाची घंटा वाजवायची, तर दोरीला हात लावण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो. माणूस कुठल्या अंगाला गेलाय? उत्तर त्याच्या घरच्यांनी द्यायचं, सगळ्यांच्या समोर, आणि खरं द्यायचं. बाकी आमच्या डोंगरात माणसं हवं तेवढं खोटं बोलतात. मेंढीच्या वयाबद्दल बोलतात, किती प्यायलो त्याबद्दल बोलतात, पाद्र्यापुढे गुडघे टेकूनसुद्धा बोलत असतील. पण ह्या एका प्रश्नाला खोटं बोललेलं घर घंटेच्या पाळीतून कायमचं वगळलं जातं, आणि दोरीवरून उतरलेल्या घराला इथे कोणी लग्नालाही बोलवत नाही.

प्रश्न उगाच नाही. गावाच्या वर पठार आहे, नुसतं गवत आणि ग्रॅनाइटचे धोंडे. तिथे अडकलेला माणूस आवाजाच्या रोखाने सरळ चालत आला की उतरत उतरत घंटेपाशीच पोहोचतो. पण गावाच्या दुसऱ्या अंगाला रिउमालची घळ आहे. घळीपलीकडे क्रूझा, प्रोटेस्टंट लोकांचं गाव; आम्ही कॅथलिक. दोन गावांत अंतर किती, तर हाकेचं. पण वाट खाली पुलावरून वळसा घालून येते, आणि मधे साठ पुरुष खोल कडा. बर्फात वाट दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतो. क्रूझाच्या बाजूला अडकलेला माणूस व्हेसेदच्या घंटेच्या रोखाने सरळ चालला, की गेलाच. म्हणून माणूस पलीकडे असेल तर आपली घंटा तीन टोले देऊन गप्प करायची. तीन टोले म्हणजे, "तुमच्या अंगाला आहे, तुम्ही वाजवा." मग त्यांची घंटा वाजते. दोन्ही घंटा एकदम कधीच वाजत नाहीत. देव वेगळा झाला, पाद्री वेगळा झाला, पोरी देणं-घेणं बंद झालं, पण घंटेचा हा करार दोन्ही गावांनी तीनशे वर्षं मोडला नाही.

त्या गुरुवारी दुपारी पांढरं उतरलं. आमच्याकडे वादळ म्हणत नाहीत, पांढरं म्हणतात. बाराला ऊन होतं, सव्वाबाराला सिदोनीला स्वतःच्या दारातून समोरचा गोठा दिसेना. तिने बुटांत पेंढा कोंबला, नवऱ्याचा जुना लोकरी झगा अंगावर घेतला आणि भिंतीला धरून घंटेकडे निघाली. सातही घरांनी अशा वेळी घंटेपाशी यायचं असतं, कोणी हरवलेलं असो वा नसो.

घंटा म्हणजे देऊळ-चर्च काही नाही. चार दगडी खांब, वर टोपीसारखं छप्पर, त्यात घंटा, आणि खाली दोरीपाशी उभं राहायला तीन बाजूंनी भिंत. चौथी बाजू उघडी. शेजारी उर्बांबाबाचं घर, तिथे चूल पेटलेली असते आणि पाळी नसलेली माणसं तिथे बसतात. उर्बांबाबा घंटेचा राखणदार. वय ऐंशीच्या वर, एक डोळा गेलेला, पण तोंड शाबूत.

सिदोनी आत शिरली तेव्हा सगळे गोळा झाले होते आणि मधोमध प्रिवाची बायको ओर्तांस उभी होती. तिचे हात शालीत गुंडाळलेले, ओठ पांढरे. तिच्या पायाशी त्यांचा काळा कुत्रा बसला होता.

"प्रिवा नाही आला," कोणीतरी सिदोनीला सांगितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

प्रिवाचं नाव सिदोनीपुढे गावात कोणी सहसा घेत नसे. अकरा हिवाळ्यांपूर्वी सिदोनीचा नवरा, तेओफिल, असाच पांढऱ्यात अडकला होता. दोरी प्रिवाच्या हातात होती. आणि प्रिवाने मधेच घंटा थांबवली. तीन टोले दिले आणि थांबला. विचारलं तर म्हणाला, "मला पलीकडून काहीतरी ऐकू आलं असं वाटलं." वाटलं! तेओफिल वर पठारावर होता, सिदोनीने सगळ्यांसमोर तसं सांगितलं होतं. मार्चमध्ये बर्फ वितळलं तेव्हा तो रिउमालच्या तळाशी सापडला. घंटा बंद पडल्यावर भरकटला असणार, असं गाव म्हणालं. सिदोनीने तर चर्चच्या पायरीवर उभं राहून प्रिवाच्या तोंडावर सांगितलं होतं, "तू मारलास माझा माणूस. हात गारठले म्हणून दोरी सोडलीस." प्रिवाने त्यावर एक अक्षर काढलं नाही. तेव्हापासून त्याने दोरीला हात लावला नव्हता. त्यांच्या घराची पाळी ओर्तांस करायची.

उर्बांबाबाने मेणबत्ती पेटवली. तिच्या अंगात सात टाचण्या खोचलेल्या असतात. एक टाचणी गळून पडली की एका घराची पाळी संपली. त्याने मेणबत्ती कंदिलात ठेवली आणि ओर्तांसकडे तोंड केलं.

"ओर्तांस. कुठल्या अंगाला?"

"वर," ती म्हणाली. "मेंढी हरवली होती. ती शोधायला वर गेलाय."

"नक्की?"

"सांगितलं ना बाबा, वर!"

पहिलं घर दोरीला गेलं. नऊ टोले, मग एक आकाशातल्या बापाची प्रार्थना मनात म्हणायला लागते तेवढी शांतता, मग पुन्हा नऊ. ती शांतता ऐकण्यासाठी असते, माणूस ओरडला तर कळावं म्हणून. त्या तेवढ्या वेळात घरातलं कोणी चमचासुद्धा हलवत नाही.

पहिली टाचणी पडली. दुसरी पडली. उर्बांबाबाने कंदिलाकडे बघितलं, मग सिदोनीकडे, आणि घसा खाकरला.

"आता सिदोनीचं घर."

चुलीपाशी कुजबुज झाली. "ह्या बाईच्या हातात दोरी? प्रिवाचं आता काही खरं नाही," एकजण म्हणाला. तो हळू बोलला असं त्याला वाटलं, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं.

ओर्तांस पुढे आली. "बाबा, तिची पाळी मी करते. माझी आणि तिची, दोन्ही."

"का गं?" सिदोनी म्हणाली.

"का ते तुला माहीत आहे."

"मला काही माहीत नाही. तू तोंडाने बोल, इथे सगळ्यांसमोर."

"अकरा वर्षं तू माझ्या दारावरून जाताना थुंकतेस, सिदोनी. आणि आज मी माझा नवरा तुझ्या हातात देऊ?"

"घंटा माझ्या रागाने वाजत नाही, दोरीने वाजते. पाळी माझ्या घराची आहे. तुला भीती वाटत असेल तर ये, शेजारी उभी राहून टोले मोज." सिदोनी रागाने लाल झाली होती. राग खोटाही नव्हता. तिला प्रिवा मेला तर वाईट वाटलं नसतं, हे ती स्वतःशी कबूल करत होती. पण दोरी सोडून देणारी ती नव्हती. ते प्रिवाचं काम.

ती बाहेर गेली आणि तिने दोरी धरली. ओर्तांस खरोखरच तिच्या मागे आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. कुत्रा तिच्यामागे आला. बर्फ आडवं येत होतं, डोळ्यांत सुया टोचल्यासारखं. सिदोनीने पहिले नऊ टोले दिले. जोरात, सरळ, एकसारखे. कोणाची बोलायची बिशाद नको.

मग शांतता. 'आकाशातल्या आमच्या बापा...' सिदोनी मनात म्हणत होती आणि कान देऊन ऐकत होती. वाऱ्याशिवाय काही नाही. नऊ टोले. शांतता. नऊ टोले.

चौथ्या शांततेत कुत्रा कण्हला. सिदोनीने खाली बघितलं. कुत्रा उभा होता, कान टवकारलेले, नाक पुढे. पठाराकडे नाही. रिउमालकडे.

तिच्या मनात आलं ते अगदी साधं होतं. माणूस मेंढी शोधायला गेलाय, मग कुत्रा घरात कसा?

मेंढी शोधायला आमच्याकडे कोणी कुत्र्याशिवाय जात नाही. माणसाला पठारावर मेंढी दहा पावलांवर असली तरी दिसत नाही, ती कुत्राच काढून देतो. कुत्रा घरी कधी ठेवतात? परक्या गावात जायचं असेल तेव्हा. तिथले कुत्रे अंगावर येतात, भुंकाभुंक होते आणि कोण आलं ते सगळ्या गावाला कळतं.

हे सिदोनीला चांगलं माहीत होतं. अकरा हिवाळ्यांपूर्वी तेओफिल निघाला तेव्हा तिनेच कुत्र्याला खुंटीला बांधलं होतं.

हातातली दोरी चालू होती. सहा, सात, आठ, नऊ. "वर. मेंढी हरवली होती." शब्द न् शब्द तोच. आवाजही तोच, जरा जास्तच चढवलेला. दुसऱ्यांदा विचारलं की चिडायचं, म्हणजे तिसऱ्यांदा कोणी विचारत नाही. अगं बये, हे सगळं मी तुझ्या आधी केलंय, सिदोनीच्या मनात आलं.

तेव्हा तिची सेलेस्तीन चार महिन्यांची होती. तिच्या अंगावर लाल चट्टे उठले होते, रात्रभर तापाने फणफणली होती. क्रूझामध्ये एक म्हातारी होती, अंगातली आग काढायची, मलम द्यायची आणि त्यावर काहीतरी पुटपुटायची. पाद्र्याने चर्चमध्ये सांगून ठेवलं होतं, त्या बाईकडे जो जाईल त्याला ईस्टरचा प्रसाद मिळणार नाही. तेओफिल जायला तयार नव्हता. सिदोनीने त्याला ढकलून पाठवलं. "पोर मरू देणार आहेस का पाद्र्याच्या भीतीने?" मग पांढरं उतरलं आणि उर्बांबाबाने विचारलं, कुठल्या अंगाला? सगळं गाव बघत होतं, पाद्रीही त्या दिवशी आलेला होता. ती म्हणाली, वर. मनाशी म्हणाली, सकाळीच गेलाय, एव्हाना पूल ओलांडून इकडे आला असेल, मग आपलीच घंटा बरोबर. तेवढ्यावर तिने स्वतःची समजूत घातली.

आणि प्रिवाने घंटा थांबवली तेव्हा ती त्याच्यावर धावून गेली होती. कारण ती न धावती, तर तिला मान्य करावं लागलं असतं की त्याने ती वेळेत थांबवली नव्हती. थांबवायला उशीर तिच्यामुळे झाला होता.

हे तिने अकरा वर्षांत कोणालाही सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा ती हे पूर्ण वाक्यात सांगत नसे. प्रिवाचा राग करणं सोपं होतं, तो रोज समोर दिसायचा आणि काही बोलायचा नाही.

पाच, सहा, सात. आता ती काय करत होती? तिने फक्त वाजवत राहायचं होतं. टाचणी पडेपर्यंत. जोरात, सरळ, एकसारखं. कोणीही तिला बोल लावला नसता. उलट म्हणाले असते, सिदोनी मनाची मोठी, वैऱ्यासाठी हात सोलून निघेपर्यंत घंटा वाजवली. आणि प्रिवा तिकडे एकेक पाऊल टाकत कड्याकडे येत राहिला असता. ओर्तांस तिच्या हातांवर नजर ठेवून होती, दोरी सुटू नये म्हणून. सुटली नाही तरच तिचा नवरा मरणार होता, आणि ते ओर्तांसला कळत नव्हतं, का कळत होतं?

सिदोनीने अजून एक फेरी वाजवली. हे लपवण्यात अर्थ नाही, एक पूर्ण फेरी तिने सगळं माहीत असून वाजवली.

तिने घंटेची जीभ दोरीसकट खाली ओढून धरली आणि दोरी मनगटाला तीन वेढे दिले.

"काय झालं?" ओर्तांस म्हणाली. "थांबलीस का? वाजव. सिदोनी, वाजव!"

"कुठल्या अंगाला गेलाय गं तो?"

"सांगितलंय मी! वर! सोड, सोड ती दोरी!" ओर्तांसने तिच्या तोंडात मारली. सिदोनी हलली नाही. ओर्तांसने तिचे केस धरले, हात पिरगळायला गेली, मनगटावर दात लावले. "बाबा! बाबा, ही मारतेय त्याला! म्हटलं होतं ना मी!"

घरातली माणसं धावत आली. त्यांच्या पुढे उर्बांबाबा काठी टेकत आला. "सिदोनी, दोरी सोड. लाज वाटू दे जरा. सूड घ्यायची ही जागा नाही."

"सोडणार नाही. आधी तिने खरं सांगू दे."

"तिने सांगितलंय."

"तिने माझंच सांगितलंय, बाबा!" सिदोनी ओरडली. वाऱ्यामुळे ओरडल्याशिवाय ऐकूच गेलं नसतं, आणि कदाचित हळू आवाजात हे तिला बोलताही आलं नसतं. "माझा तेओफिल वर नव्हता. तो क्रूझाला गेला होता. मी पाठवला होता, म्हातारीकडे, मलम आणायला. मी खोटं बोलले. तुम्ही विचारलंत आणि मी सगळ्यांसमोर खोटं बोलले. प्रिवाने नाही मारला त्याला. मी मारला. कळलं? आता ऐकलंत ना सगळ्यांनी?"

ओर्तांसचे हात सिदोनीच्या केसांतच राहिले.

"मलाही वाटलं होतं, पूल ओलांडून आला असेल," सिदोनी तिला म्हणाली. आता ती ओरडत नव्हती, तोंड तिच्या कानाशी नेऊन बोलत होती. "तुला पण तसंच वाटतंय ना? नाही ओलांडला गं त्याने. कुत्रा बघ कुठे बघतोय. कुत्रा घरात का ठेवलास? बोल लवकर, ओर्तांस. मी उशीर केला, तू करू नकोस."

ओर्तांसने कुत्र्याकडे बघितलं. मग ती बर्फातच बसली.

"क्रूझाला," ती म्हणाली. "इर्माला मुलगा झालाय. सोमवारी. नातू बघायला गेलाय तो."

इर्मा म्हणजे त्यांची मुलगी. तिने क्रूझाच्या पोराशी लग्न केलं, तेही त्यांच्या पद्धतीने, आणि प्रिवाने चर्चच्या दारात शपथ घेतली होती की मेलो तरी रिउमाल ओलांडणार नाही. शपथेला सगळं गाव साक्षीला होतं. गुरुवारी पहाटे तो पाळण्याला टांगायचं लाकडी खेळणं खिशात घालून गेला होता, हे नंतर कळलं.

"बाबा?" सिदोनीने विचारलं. हुकूम राखणदाराचा असतो.

उर्बांबाबाचा एक डोळा वाहत होता, थंडीने म्हणा. "दे तीन," तो म्हणाला.

सिदोनीने मनगटाचे वेढे सोडले. एक. दोन. तीन. प्रत्येक टोल्यानंतर तिने घंटा पूर्ण गप्प होऊ दिली. मग दोरी खांबाच्या कडीला बांधून टाकली.

आता वाट बघण्याशिवाय काही नव्हतं. वादळात घंटा वाजत असते तेव्हा माणसाला काहीतरी करतोय असं वाटतं. ती शांतता मात्र भयंकर होती. सगळे त्या तीन भिंतींच्या आडोशाला एकमेकांना चिकटून उभे राहिले. एक प्रार्थना झाली. दुसरी झाली. पलीकडून काहीच नाही.

"त्यांना ऐकू गेलं नसेल," कोणीतरी म्हणालं. "वारा आपल्याकडे वाहतोय."

"अकरा वर्षांत तीन टोले दिले नाहीत आपण. त्यांच्या नव्या पोरांना माहीत तरी असेल का?"

"पुन्हा दे," ओर्तांस म्हणाली. "बाई, पाया पडते तुझ्या, पुन्हा दे."

"पुन्हा दिले तर ते तीन राहणार नाहीत. सहा होतील. मग प्रिवाला वाटेल घंटा सुरू झाली, आणि तो चालायला लागेल." सिदोनी हे शांतपणे बोलली, पण तिचा हात आपोआप दोरीकडे गेला होता. ओर्तांसने तो हात धरला. मग दोघींनी एकमेकींचे हात धरून ठेवले, कोणी दोरी सोडवू नये म्हणून, मुख्यतः आपणच.

तिसरी प्रार्थना. चौथी. सिदोनीला वाटलं, चुकलं आपलं. आपण आता दुसऱ्या माणसाला मारलं, आणि ह्या वेळी खरं बोलून. पाचव्या प्रार्थनेला ओर्तांसचे ओठही हलेनासे झाले.

कुत्र्याला आधी कळलं. तो एकदम भुंकला. मग माणसांना ऐकू आलं, बारीक, चिरक्या आवाजाची घंटा. त्यांची घंटा लहान आहे, आमच्यासारखी भरीव नाही, आम्ही तिला नेहमी हसतो, डबा वाजवतायत म्हणून. पाच टोले. थांबली. पाच टोले. थांबली.

"वाजवतायत," उर्बांबाबा म्हणाला आणि भिंतीला धरून खाली बसला. "वाजवतायत लेकाचे."

अजून काही संपलं नव्हतं. घंटा ऐकून प्रिवा मागे वळला का, का तिने बोलावण्याआधीच कड्याशी आला होता, कोणाला माहीत. माणूस सापडला की शोधणारं गाव दुसऱ्या गावाला कळवतं. जिवंत असला तर घाईघाईचा गजर, मेलेला असला तर एकेक सुटा टोला. घरात जायला कोणी तयार नव्हतं. उर्बांबाबाच्या सुनेने चेस्टनटचं गरम सूप बाहेर आणून दिलं, तेही वाट्यांत गोठायला लागलं. कंदिलातली मेणबत्ती उरलेल्या टाचण्या पाडत होती आणि कोणी मोजत नव्हतं. पाच टोले, शांतता, पाच टोले. उजेड करडा होत गेला.

मग पलीकडची घंटा मधेच थांबली.

पुढचा टोला आला. एकच. ओर्तांसने सिदोनीच्या खांद्यात नखं रुतवली.

आणि मग दुसरा, तिसरा, चौथा, एकमेकांच्या अंगावर पडणारे, मोजताच येणार नाहीत असे. कोणीतरी वेड्यासारखं त्या डब्याला बडवत होतं. तो प्रिवाचा जावई होता, हे आम्हाला मागाहून कळलं.

प्रिवा शनिवारी आला, पुलावरून, भर उजेडात, सगळ्या गावाला दिसेल असा. डाव्या पायाची दोन बोटं गेली होती म्हणून जावयाच्या खांद्यावर हात टाकून लंगडत आला. पांढऱ्यात त्याला आपण घळीच्या कुठल्या बाजूला आहोत तेच कळेनासं झालं होतं. कानावर फक्त आमची घंटा येत होती, म्हणून तिकडेच चालत होता. ती तीन टोले देऊन थांबली तेव्हा तो जागच्या जागी बसून राहिला. उठला तेव्हा समोर काठी टेकून बघितली, तर काठी खाली गेली आणि हातातून सुटली. एवढंच त्याने सांगितलं. जास्त बोलणारा माणूस नाही तो.

जावई व्हेसेदमध्ये आला त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. उर्बांबाबाने नवी मेणबत्ती आणली आणि सगळ्यांच्या देखत तिच्यात टाचण्या खोचल्या. पाचच. सिदोनीची नाही आणि ओर्तांसचीही नाही. नियम तो नियम. दोघींपैकी कोणीही तक्रार केली नाही.

मग सिदोनी प्रिवासमोर जाऊन उभी राहिली. काय बोलायचं ते तिने दोन दिवस ठरवलं होतं, आणि त्यातलं काही आठवेना.

"तू त्या दिवशी म्हणालास, पलीकडून ऐकू आलं असं वाटलं," ती म्हणाली. "खरंच आलं होतं?"

"आलं होतं."

"वाटलं, का आलं होतं?"

"आलं होतं, सिदोनी. शांततेत. तेओफिलचाच आवाज. अगदी कड्यावरून. म्हणून तर थांबवली."

"मग तू बोलला का नाहीस? मी तुला खुनी म्हटलं चर्चच्या पायरीवर. अकरा वर्षं म्हणत आले."

प्रिवाने जावयाच्या खांद्यावरचा हात काढला आणि भिंतीला धरलं. "तू वर म्हणाली होतीस. पाद्र्यासमोर. मी पलीकडे म्हटलं असतं, तर तुझी टाचणी गेली असती. घरात तान्ही पोर, माणूस गेलेला. दोरीवरून उतरलेल्या घराला कोणी गवत कापायला तरी आलं असतं का? माझं काय, मी नुसता बदनाम झालो."

सिदोनीला रडू आलं नाही. रडणं कितीतरी खाली राहिलं होतं. तिने विचारलं, "काय म्हणत होता तो? ओरडत होता म्हणजे, मदतीला?"

"नाही गं." प्रिवा तिच्याकडे न बघता म्हणाला. "मदतीला नाही. हाक मारत होता तुला. त्याला वाटलं असेल पोहोचलोच, घंटा इतकी जवळ. ओरडत होता, मिळालं गं सिदोनी, मिळालं."

सेलेस्तीनचा ताप त्या दिवशी दुपारीच आपोआप उतरला होता, आणि ते त्याला सांगायला कोणी नव्हतं.